आधी माती, मग तारीख : पुतळा समित्यांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव व सर्व सदस्य,
पुतळा समिती, स्मारक समिती, चौक सुशोभीकरण समिती (पावतीपुस्तकावर जे नाव छापलं असेल ते)

स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात सकाळी सव्वासातला फोन आला तेव्हा मी मातीवर पाणी मारत होतो. पलीकडचे गृहस्थ अगदी अदबीने बोलत होते. "मास्तर, अश्वारूढला फुटाला काय रेट लावताय?" मी म्हटलं, जागा कुठली आहे, एकदा बघून जातो. "जागेचं बघू की नंतर. तारीख ठरलीया. साहेबांनी वेळ दिलाय." किती महिने आहेत? "महिनं कशाला, सत्तर दिवस हाईत."

मी नाही म्हणालो. तिकडे जरा शांतता, मग आवाज खाली आणून, "बरं, मग फायबरमधी? वरनं ब्राँझ कलर मारून?"

त्या गृहस्थांवर माझा राग नाही. घरटी वर्गणी काढून, दोन गटांची भांडणं मिटवून, नगरपालिकेत चपला झिजवून त्यांनी गावाला इथपर्यंत आणलं असणार. राग आहे तो क्रमावर. आधी साहेबांची तारीख, मग उंची, मग टेंडर, मग शिल्पकार आणि उरलेल्या दिवसांत माती. गेली चौतीस वर्षं मी पुतळे करतो आणि या चौतीस वर्षांत हा क्रम जवळपास प्रत्येक गावात मला असाच भेटला. तो उलटा करा, एवढं सांगायला हे पत्र लिहितोय. बाकीच्या तक्रारी ओघात येतील, त्यांना इलाज नाही.

तुम्ही आमच्या वर्कशॉपमध्ये येता ते बहुतेक दोनदा. एकदा बयाणा द्यायला आणि एकदा माती 'पास' करायला. मधलं तुम्हाला कुणी दाखवलेलंच नसतं. म्हणून साधा नऊ फुटी उभा पुतळा घेऊ. आधी हातभर उंचीचं छोटं मॉडेल. त्यात उभं राहण्याची ढब ठरते, वजन कुठल्या पायावर आहे ते ठरतं. मग मोठा लोखंडी सांगाडा, म्हणजे आर्मेचर. त्याला जागोजागी लाकडाच्या दोन बोटभर पट्ट्या फुलीसारख्या बांधून तारेने लटकवायच्या. यांना आम्ही बटरफ्लाय म्हणतो. ओली माती जड असते, ती आपल्याच वजनाने खाली सरकते, तिला आतून धरून ठेवायला ही फुलपाखरं. मग अर्धा-पाऊण टन माती, घोडा असेल तर तीन-चार टन. रोज संध्याकाळी ओली फडकी, वरून प्लास्टिक. उन्हाळ्यात एक दिवस विसरलात तर नाकाला भेग पडलीच.

1998 च्या पावसाळ्यातली गोष्ट. समितीची घाई होती म्हणून मी घोड्याच्या पोटात फुलपाखरं कमी बांधली. दोन दिवस वाचले. तिसऱ्या दिवशी पहाटे कुलूप काढलं तर घोडा उभा, पाय जागच्या जागी, मान ऐटीत, आणि पोट जमिनीवर. माझा मदतनीस दारातच थांबला. बराच वेळ बघून म्हणाला, "व्याला वाटतं." तेव्हा हसू आलं नाही, आता येतं. वाचवलेल्या दोन दिवसांचे अठरा दिवस झाले.

माती झाल्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा, त्यातून मेणाचा पातळ पत्रा, बोटाच्या अर्ध्या जाडीचा. मेणाला नळ्या जोडायच्या, आतबाहेर साचा भरायचा, भट्टीत घालून मेण वितळवून काढायचं आणि त्या रिकाम्या जागेत साधारण अकराशे अंशांवरचं ब्राँझ ओतायचं. फाउंड्रीत त्याला गनमेटल म्हणतात. नेहमीचं मिश्रण म्हणजे शंभरात 85 तांबं, बाकी कथील, जस्त आणि शिसं पाच-पाच. एवढा पुतळा एका ओतकामात निघत नाही. दहा-बारा तुकडे निघतात, ते आर्गन वेल्डिंगने जोडायचे, जोड घासायचे आणि घासलेल्या जागी गेलेले बारकावे छिन्नीने पुन्हा काढायचे. शेवटी रसायनं लावून रंग, म्हणजे पॅटिना, आणायचा, आच देऊन, थरावर थर. चांगला पॅटिना हा लावलेला रंग नसतो, धातूनेच धरलेला गंज असतो.

यात कुठे वेळ वाचवता येतो? भट्टी आपल्याच वेळेने तापते, आपल्याच वेळेने निवते. साचा वाळायला लागतो तेवढा लागतोच. कमी करता येते ती फक्त माती. आणि पुतळ्यातलं जे काही पुतळा असतं, ते सगळं मातीत असतं. पुढची सगळी कामं मातीत जे झालं ते न बिघडवता पलीकडे नेण्याची. सत्तर दिवसांत फाउंड्रीवाला आपले पन्नास घेतो, मला वीस उरतात. वीस दिवसांत हात हलतो, नजर हलत नाही. तुमच्या चौकातले महाराज शेजारच्या तालुक्यातल्या महाराजांसारखेच का दिसतात, असं मला बऱ्याच जणांनी विचारलंय. उत्तर हेच. वीस दिवसांत नवीन माणूस घडत नाही, हाताला पाठ असलेला माणूस बाहेर पडतो.

आता उंचीचं. "शेजारच्यांचा अकरा फुटी आहे, आपला बारा पाहिजे" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता वाक्य सुरू झालं की मीच पुरं करतो. पुतळा म्हणजे पाइप नव्हे, की लांबी वाढली तेवढाच खर्च वाढेल. उंची दुप्पट केली की माती आठपट लागते. धातू जाडी तीच ठेवली तरी चौपट. वाऱ्याला आडवा येणारा पृष्ठभाग चौपट आणि तो वारा बुडाशी वाकवायला जो जोर लावतो तो आठपट. म्हणजे छोट्या मॉडेलला जे चालून गेलं ते मोठ्याला चालेलच असं नाही. स्टॅच्यू ऑफ युनिटी 182 मीटरचा आहे हे सगळ्यांना पाठ आहे, पण शिल्पकार राम सुतारांनी त्या सरदारांचं आधी तीन फुटी मॉडेल केलं, मग अठरा फुटी, मग तीस फुटी, हे किती समित्यांना ठाऊक आहे? नव्वदी पार केलेला, जगभर गांधी पाठवलेला माणूस पायऱ्यापायऱ्यांनी वर चढला. आपण सहा फुटी मातीवरून उडी मारतो.

उडी मारण्याचा विषय निघाला की मालवणचं नाव घ्यावंच लागतं. राजकोट किल्ल्यावरच्या महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण 4 डिसेंबर 2023 ला, नौदल दिनी झालं आणि 26 ऑगस्ट 2024 ला तो कोसळला. नऊ महिनेही भरले नव्हते. कोण किती दोषी हे ठरवायला कोर्ट बसलंय, मी बोलणार नाही. पण त्या वेळी कला संचालनालयाकडून जे सांगण्यात आलं ते मला झोप येऊ देईना : मान्यता सहा फुटांच्या मातीच्या मॉडेलला दिली होती, पुतळा 35 फुटांचा होणार हे कळवलं नव्हतं. पुढे त्याच जागी नवा पुतळा उभा राहिला तो सुतारांच्या वर्कशॉपमधून. समुद्राच्या खाऱ्या हवेत ब्राँझच्या पोटात साधं लोखंड ठेवलं तर दोन धातूंचं आपसांत जमत नाही, ओल शिरली की लोखंड आधी खाल्लं जातं. हे आमच्या धंद्यातलं पहिलीचं ज्ञान आहे. आत स्टेनलेस स्टील लागतं, तळाशी पाणी निघून जायला भोकं लागतात. पण समितीच्या एकाही बैठकीत या दोन गोष्टींबद्दल मला कुणी विचारलेलं नाही. चबुतऱ्याच्या ग्रॅनाइटचा रंग मात्र तीन बैठका चालतो.

थोडं मागे जाऊ द्या, म्हणजे तुम्ही कुठल्या ओळीत बसला आहात ते दिसेल. एकेकाळी मुंबईतल्या पुतळ्यांच्या ऑर्डरी लंडनला जायच्या. काळा घोडा म्हणतो तो सातव्या एडवर्डचा पुतळा विलायती शिल्पकाराचा, 1879 चा. 1965 साली तो तिथून उचलून राणीच्या बागेत नेला, चौकाचं नाव तेवढं राहिलं. 2017 मध्ये तिथे नवा घोडा आला, स्वार नसलेला. घोडा ठेवून साहेब उतरवला, ही मुंबईची विनोदबुद्धी मला आवडते. तर त्या विलायती मक्तेदारीत पहिली फट पाडली ती गणपतराव म्हात्र्यांनी. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत विद्यार्थी असताना त्यांनी केलेली 'मंदिरपथगामिनी' ही मूर्ती बघून इथल्या साहेबांना पटलं की मातीला हात लावायला लंडनचाच हात लागतो असं नाही.

मग शिल्पकार वि. पां. करमरकर. अलिबागजवळच्या सासवण्याचा मुलगा, गावच्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढतो, ते ऑटो रॉथफील्ड नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या नजरेस पडतं, आणि मुलगा जे.जे.त पोचतो. पुढे कोलकाता, लंडन. आणि 1928 मध्ये पुण्याचा अश्वारूढ शिवाजी, मुंबईत माझगाव डॉकमध्ये एकसंध ओतलेला. भिंतीवरचं चित्र ते एकसंध ब्राँझ, मध्ये किती वर्षं गेली मोजा. कधी अलिबागला गेलात तर बीचवर कणीस खाऊन परतू नका, सासवण्याला त्यांच्या घरी जा. तिथे सिमेंटमध्ये केलेली घरची, शेजारची, गोठ्यातली माणसं आणि जनावरं आहेत. कुणी ऑर्डर दिलेली नव्हती, उद्घाटनाची तारीख नव्हती. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथली म्हैस बघून अर्धा तास हललो नव्हतो. बसलेल्या म्हशीच्या कातडीला जो सैलपणा असतो ना, तो सिमेंटमध्ये. माझ्याकडून आजवर एकाही घोड्याच्या मानेखाली तो आलेला नाही.

कल्याणचे सदाशिव साठे, आमचे भाऊसाहेब. तिशीच्या आत त्यांनी दिल्लीत चांदणी चौकातल्या टाउन हॉलजवळचा गांधी केला. आज एखाद्या अठ्ठावीस वर्षांच्या पोराला तुम्ही असलं काम द्याल? टेंडरमध्येच त्याला बाद करणारी अट असते, त्यावर येतोच. गेटवेसमोरचा अश्वारूढ शिवाजी हाही साठ्यांचा, अनावरण 26 जानेवारी 1961. लाखो लोकांनी त्याच्यासमोर फोटो काढलेत. त्यातल्या दहा जणांना नाव विचारून बघा.

आणि राम सुतार, धुळ्याजवळच्या गोंदूरचे. शाळेत श्रीराम जोशी मास्तरांनी हात ओळखला आणि मुंबईला पाठवलं. जे.जे.त मेयो पदक. पण पदक मिळाल्यावर लगेच चौकात पुतळा नाही. चार-पाच वर्षं पुरातत्त्व खात्यात, अजिंठा-वेरूळला, मोडलेल्या मूर्ती नीट करायच्या. दुसऱ्याच्या, हजार-बाराशे वर्षं जुन्या छिन्नीच्या खुणा वाचत बसायचं. मग दिल्लीत सरकारी नोकरी, मग ती सोडून स्वतःचं. गांधीसागर धरणावरची 45 फुटी चंबळदेवी, दोन मुलांसह, ती दोन मुलं म्हणजे मध्य प्रदेश आणि राजस्थान. हा क्रम बघा : आधी वाचन, मग हात, मग उंची. आमच्या धंद्यात करिअर म्हणतात ते असं असतं. त्यातली पहिली पंधरा वर्षं कुणाला दिसत नाहीत आणि टेंडरच्या अर्जात त्यांना रकाना नसतो.

टेंडरवर आलोच. मागच्या तीन वर्षांत याच स्वरूपाचं इतक्या रकमेचं काम केलेलं असावं. वार्षिक उलाढाल इतकी असावी. बयाणा इतका. मग सगळ्यात कमी दर त्याला काम. या अटी गटार बांधायला योग्य आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यातून होतं काय? काम रस्ते करणाऱ्या ठेकेदाराला जातं, तो स्वतःचा टक्का काढून ते फाउंड्रीला देतो, फाउंड्री एखाद्या होतकरू पोराला बोलावते आणि त्याच्या हातात मोबाइलवरचा एक फोटो ठेवते. माझ्याकडून शिकून गेलेल्या तिघांनी असे पुतळे केलेत. नाव कुठेच नाही, पैसे रोजंदारीचे. त्यातला एक आता फ्लॅटला पीओपीचं सीलिंग करतो. हात फार चांगला होता त्याचा. गालाच्या हाडाखालची सावली तो अंगठ्याच्या एका दाबात काढायचा.

आता तो मोबाइलवरचा फोटो. पूर्वी समित्या कॅलेंडर आणायच्या, आता मालिकेतला नट आणतात, आणि गेली एक-दोन वर्षं कॉम्प्युटरने बनवलेले महाराज येतात : भुवया चढवलेल्या, मागे वीज, छातीचे स्नायू पैलवानाचे. अहो, महाराजांच्या काळातली किंवा तिच्या जवळपासची जी लघुचित्रं परदेशी संग्रहांत टिकून आहेत, त्यांतला चेहरा शांत आहे. सरळ धारदार नाक, मोठे डोळे, ओठांवर किंचित हसू. तह करणारा, हिशेब तपासणारा, माणूस जोखणारा राजा आहे तो. मी एकदा तसा चेहरा केला. समितीचे एक सदस्य बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मास्तर, महाराज चिडलेले दिसंनात." मी म्हटलं, कुणावर चिडायचं? ते म्हणाले, "ते नाही सांगता येत, पण चिडाय पाहिजेत." भुवया चढवल्या. आजही त्या गावावरून एसटी जाते तेव्हा मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी बसतो.

बाबासाहेबांच्या बाबतीत उलट अडचण. फोटो भरपूर, तरी पुतळा एकाच ढबीचा. संसदेच्या आवारात ब्रह्मेश वाघांनी केलेला, 1967 मध्ये बसवलेला, उजवा हात उंचावलेला पुतळा इतका ताकदीचा झाला की पुढे गावोगाव त्याच्याच नकला निघाल्या, आणि नकलेची नकल होता होता बोट राहिलं, खांदा गेला. वाघांच्या पुतळ्यात बोट खांद्यातून निघतं. तेवढं बघायला वेळ लागतो. आमच्या कोल्हापुरात बिंदू चौकात बाबासाहेबांचा पुतळा 1950 सालचा आहे, ते हयात असताना बसवलेला, शेजारी महात्मा फुले. भाई माधवराव बागलांनी पुढाकार घेतला हे कोल्हापूरकर झोपेतही सांगेल. कुणाच्या हातचे आहेत, विचारून बघा. रिक्षावाला, प्राध्यापक, नगरसेवक, कुणालाही.

म्हणून नावाची गोष्ट. तुमच्या चबुतऱ्यावर संगमरवरी पाटी असते. अनावरण करणारे, अध्यक्षस्थानी असलेले, प्रमुख उपस्थिती, विशेष उपस्थिती, सन्माननीय उपस्थिती, पालकमंत्री, खासदार, आमदार, मुख्याधिकारी, आणि एकदा तर मंडपवाल्याचं नाव मी वाचलेलं आहे. शिल्पकार नाही. मी आता मातीतच, मागच्या बाजूला, अंगरख्याच्या घोळाजवळ बोटभर नाव आणि साल कोरतो. धातूत ते उतरतं. एका समितीने ते ग्राइंडरने घासून काढायला लावलं होतं, महाराजांच्या अंगावर दुसऱ्याचं नाव कसं, म्हणून. मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता, हे मी नंतर कबूल केलं. पण मग पाटीवर द्या ना. पाटीवर विचारलं तर म्हणाले जागा संपली.

पैशांचं थोडक्यात उरकतो, कारण त्यावर लिहायला लागलो की पत्राची भाषा बिघडेल. एका गावाकडे माझा शेवटचा हप्ता अकरा वर्षं राहिलाय. समिती बरखास्त झाली, पावतीपुस्तकं कुठे गेली कुणाला ठाऊक नाही. तेव्हाचे अध्यक्ष बाजारात भेटले की लांबूनच हात करतात आणि "पुतळा झकास!" म्हणतात. माती पास होताना मोठा हप्ता द्या, कारण खरा खर्च तिथून सुरू होतो, धातू उधार मिळत नाही. बस.

जागेबद्दलही एक. रस्ते, फुटपाथ आणि लोकांच्या वापराच्या जागी पुतळ्यांना परवानगी देऊ नका असं सर्वोच्च न्यायालयाने 18 जानेवारी 2013 ला राज्यांना बजावलंय. तरी ऑर्डर आधी आणि जागा नंतर. माझा एक पुतळा पोलीस बंदोबस्तात, तोंडाला गोणपाट बांधून, दोन वर्षं नगरपालिकेच्या गोदामात उभा होता. ज्याच्या जयघोषात वर्गणी काढली त्याला गोणपाटात बांधायची पाळी आणायची नसेल तर आधी जागेचा कागद हातात घ्या. आणि शिल्पकाराला त्या जागेवर न्या, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. ऊन कुठून पडतं, माणसं कुठल्या रस्त्याने येतात, चबुतरा किती उंच, त्यावर माझं निम्मं काम ठरतं. बारा फुटी चबुतऱ्यावर उभ्या केलेल्या माणसाचं डोकं खालून लहान दिसतं, म्हणून ते आम्ही मातीत मुद्दाम किंचित मोठं करतो, मान जराशी पुढे झुकवतो. जमिनीवर ठेवलेला पुतळा बघून तुम्ही म्हणता, डोकं मोठं झालं. मी कमी करतो, तुमचा मान राखतो. मग चबुतऱ्यावर चढल्यावर तुम्हीच विचारता, डोकं बारीक कसं झालं?

आणि बसवल्यानंतर. जयंतीच्या आदल्या दिवशी ब्राँझवर सोनेरी ऑइलपेंट मारू नका, हात जोडून सांगतो. दुधाचा अभिषेक घातलात तर त्याच दिवशी साध्या पाण्याने धुऊन काढा, पुतळ्याच्या कपड्यांच्या घड्यांत दूध आंबतं आणि पॅटिना खातं. हार घालायला शिडी तलवारीच्या हाताला टेकवू नका. तो हात पोकळ आहे, जोड खांद्याशी आहे आणि वर चढणाऱ्या कार्यकर्त्याचं वजन मला माहीत आहे. चबुतऱ्याला मागून पक्क्या पायऱ्या करून घ्या. पुतळ्याला वर्षातून एकदा पाण्याने धुऊन मेणाचा हात द्यायचा, तेवढाच खर्च.

मग तारीख कधी ठरवायची? मातीला समितीने आणि कला संचालनालयाने मान्यता दिली की. त्या दिवशी मी कागदावर लिहून देईन, धातू इतक्या महिन्यांत उभा राहील. ते मी पाळतो, फाउंड्रीवाल्याच्या दारात बसून पाळतो. मातीचं मात्र आधी विचारू नका. एखादा चेहरा आठ दिवसांत येतो, एखाद्याला पाच महिने लागतात, आणि का लागले ते मलाही सांगता येत नाही. यंदा जयंती चुकली तर पुढच्या वर्षी परत येतेच. साहेब बदलले असतील, एवढाच काय तो फरक.

आपल्या कोल्हापुरात कावळा नाक्यावर रवींद्र मेस्त्रींची ताराराणी आहे, घोड्याचे पुढचे पाय हवेत. हायवेवरून येणारी माणसं तिला समोरून बघतात. पहाटे गाड्या नसतात तेव्हा तिला चालत एक पूर्ण फेरी मारा, घाई न करता. पाठ बघा, शेपटीकडून बघा, बाजूने घोड्याच्या पोटाखालची मोकळी जागा बघा. चौकातला पुतळा चारी रस्त्यांनी दिसतो, तरी समितीने पाठ बघायला मागितली असं चौतीस वर्षांत माझ्याकडे तीनदा झालंय. तिन्ही वेळा ती मागणी करणारी बाई होती, आणि त्यातल्या एकीने शेल्याची घडी चुकली आहे हे बरोबर दाखवलं होतं. तुमच्या समित्यांत एवढ्या कमी बायका का, हे विचारायचं राहूनच जात होतं.

सध्या माझ्याकडे सावित्रीबाई मातीत आहेत. बसलेल्या, मांडीवर पुस्तक. त्या समितीने तारीख दिलेली नाही, त्यामुळे मीच थोडा गोंधळलो आहे. गेले तीन आठवडे फक्त डाव्या हातावर काम चाललंय, पान उलटण्याआधी बोट कसं थांबतं त्यावर. तुम्हांपैकी कुणाला पुतळा करायचा असेल किंवा नसेल, येऊन बघा. रविवारी नको, रविवारी गर्दी होते आणि मग सगळे बोलतात. कामाच्या दिवशी या, दुपारी तीननंतर ऊन आत येतं तेव्हा. वर्कशॉपला दोन दारं आहेत. पुढचं रस्त्यावर उघडतं, पण तुम्ही मागच्या दाराने या, उसाच्या बांधावरून. तिथून शिरलं की आधी पाठ दिसते.

कळावे, लोभ असावा.

आपला,
कोल्हापूरचा एक पुतळेवाला